एका रात्रीपुरती खाट

विदर्भ, देवगिरी, सिद्धेश्वर, महालक्ष्मी, कोकणकन्या. पहाटेपासून गाड्या एकामागून एक मुंबईत येऊन रिकाम्या होतात. त्यांतून उतरणाऱ्यांत फिरायला आलेले थोडेच असतात. कुणाला मंत्रालयात अडकलेल्या फायलीचा माग काढायचा असतो, कुणाची दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा असते, कुणाची मुलाखत, कुणाचं व्हिसाचं काम. कुणाच्या पिशवीत टाटा रुग्णालयात दाखवायचे रिपोर्ट असतात. रात्रीसाठी यांची मागणी फार थोडी असते: आंघोळीला पाणी, सामानाला कुलूप आणि पाठ टेकायला एक खाट. लॉजच्या अख्ख्या खोलीचं भाडं परवडत नाही. नातेवाईक असलेच तर बदलापूरला नाहीतर विरारला, तेही वन रूम किचनमध्ये. तिथून सकाळी आठला परीक्षा केंद्रावर पोचायचं म्हणजे रात्रीची झोप गेलीच.

खोली न घेता एक खाट घेण्याची सोय मुंबईत पूर्वीपासून आहे आणि आजही आहे. फक्त ती देणारे बदलले आणि ती कुणाला मिळते तेही बदललं. पूर्वी ही खाट ओळखीवर मिळायची, आता ती मोबाइल आणि पैशांवर मिळते. ज्याच्याजवळ ओळख नाही आणि रात्रीला पाचशे-हजार रुपयेही नाहीत, त्याला मात्र या शहरात हक्काने जाता येईल अशी जागा जवळपास नाही. सामाईक मुक्कामाच्या सगळ्या प्रकारांकडे एकत्र पाहिलं की ही उणीव स्पष्ट दिसते.

गावच्या नावावर मिळणारी जागा

गिरणगावाने हा प्रश्न सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर सोडवला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला तरुण थेट गावकीच्या खोलीवर जायचा. साधारण दहा बाय सोळाच्या खोलीत पंधरा-वीस जणांची नावं असत. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंथरूण टाकायचा. भाडं वाटून घ्यायचं, ट्रंक भिंतीला लावायची आणि जेवायला खानावळीत जायचं. या खानावळी चालवणाऱ्या बायकांनी हजारो एकट्या पुरुषांना जगवलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले आणि गावकीच्या खोल्या एकेक करून मिटल्या. आज उरलेल्या खोल्यांत गावचा माणूस रात्र काढू शकतो, पण त्या आता अगदी थोड्या आहेत.

गोव्याहून येणाऱ्यांची अशीच व्यवस्था धोबीतलाव, डाबूळ, माझगाव भागात होती. त्यांना ‘कूड’ म्हणत. प्रत्येक कूड एकेका गावाची. बोटीवर नोकरी करणारे तारवटी दोन सफरींच्या मधले दिवस तिथे काढत. धोबीतलावच्या जेर महल इमारतीत अशा अनेक कुडी होत्या. आत पेट्यांची रांग, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची तेर्सची प्रार्थना. शिस्त कडक आणि वर्गणी अगदी माफक. हजला जाणाऱ्यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना होता, कारण १९९५पर्यंत यात्रेकरू मुंबईहून बोटीनेही जात आणि बोटीची वाट पाहायला त्यांना जागा लागे. सी. पी. टँक, भुलेश्वरकडे व्यापारी समाजांच्या धर्मशाळा होत्या. राजकीय कार्यकर्त्यांसाठी आमदार निवास होतं. मतदारसंघातून आलेली माणसं आमदारसाहेबांच्या खोलीत, नाहीतर व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपत. आजही झोपतात.

या व्यवस्थांचे उपकार मोठे आहेत. आमदार निवास सोडलं तर कुठलंही सरकारी अनुदान नसताना त्यांनी या शहराला कामगार, खलाशी आणि कार्यकर्ते पुरवले. नव्या माणसाला छपराबरोबर कामाचा पत्ता आणि आजारपणात सोबतही दिली. पण त्यांची दारं सगळ्यांना उघडी नव्हती. कूड गावच्या पुरुषांची, गावकीची खोली गावच्या आणि बहुतेकदा जातीच्याही पुरुषांची, धर्मशाळा त्या त्या समाजाची. हे बंद दार महाराष्ट्रात सगळ्यांत नेमकं ओळखलं गाडगेबाबांनी. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना मुक्कामाला जागा मिळत नव्हती, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, आळंदी, मुंबई इथेही त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या. परक्या गावात अंग टेकायला जागा मिळणं हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे, हे त्यांनी बांधकामातून दाखवलं. आजचा प्रश्नही याच मोजपट्टीने तपासायला हवा.

बंक बेड आणि पॉड

पैसे मोजून घ्यायच्या खाटेची आधुनिक परंपरा जर्मनीत सुरू झाली. रिचर्ड शिरमान हे शाळामास्तर १९०९च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीवर होते. वादळात सापडल्यावर त्यांनी एका शाळेत रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत मुलांना मुक्काम का करू देऊ नये, हा विचार तिथून निघाला आणि पुढे आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल झालं. १९३२ साली अॅमस्टरडॅमला या चळवळीचा आंतरराष्ट्रीय संघ बनला. आपल्याकडे युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाने ती परंपरा चालवली. महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांना ही संस्था माहीत आहे ती तिच्या हिमालयातल्या ट्रेकमुळे. मुंबईत वायएमसीएची वसतिगृहं आणि ताजमहाल हॉटेलच्या मागचं साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड अतिथिगृह हे परदेशी भटक्यांचे जुने आधार.

२०१३ साली जोधपूरपासून झॉस्टेल सुरू झालं आणि भारतीय तरुणांसाठी हॉस्टेल ही सहज घेता येणारी सोय झाली. गेल्या दहा-बारा वर्षांत अंधेरी, वांद्रे, कुलाबा, फोर्ट भागांत अशी हॉस्टेल्स बरीच निघाली. चार, सहा, आठ किंवा बारा खाटांची खोली, एकावर एक बंक, प्रत्येक खाटेला पडदा, वाचायचा दिवा, चार्जिंगचा पॉइंट, खाली लॉकर. कुलूप बहुतेकदा आपलं आपण आणायचं. बाथरूम सामाईक, बसायला एक मोठी खोली, कुठे कुठे स्वयंपाकघर. मुंबईत खाटेचा दर साधारण पाचशेपासून हजार-बाराशेपर्यंत. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरात तो चढतो.

या हॉस्टेलांनी एक मोठी गोष्ट सिद्ध केली. परक्या माणसांच्या खोलीत झोपणं आपल्या मध्यमवर्गाला धोक्याचं किंवा लाजिरवाणं वाटायचं. स्वच्छ चादर, चालू लॉकर, पाहुण्यांचे उघड अभिप्राय आणि रिसेप्शनवर रात्रभर जागा माणूस एवढ्यावर ती भीती गेली. एकटी फिरणारी मुलगी, कार्यालयीन कामाला आलेला इंजिनीअर, निवृत्तीनंतर भटकणारे काका एकाच खोलीत निर्धास्त झोपू लागले.

त्याच धर्तीवर पॉड आले. १९७९ साली ओसाकात किशो कुरोकावा यांच्या आराखड्यानुसार पहिलं कॅप्सूल हॉटेल झालं. भारतीय रेल्वेने पहिलं पॉड हॉटेल मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१मध्ये सुरू केलं: ४८ पॉड, त्यांतले काही फक्त बायकांसाठी, एक अपंग प्रवाशांसाठी. सुरुवातीचा दर बारा तासांना ९९९ आणि चोवीस तासांना १,९९९ रुपये होता. पुढे सीएसएमटीलाही असे पॉड झाले. जागा नीटनेटकी आहे, स्टेशनातच आहे, आणि रात्री उशिरा उतरणाऱ्याला फार उपयोगाची आहे. पण बारा तासांना हजार रुपये हा दर यवतमाळहून आलेल्या शेतकऱ्यासाठी नाही.

त्याच्यासाठी रेल्वेची जुनी सोय जास्त कामाची आहे: विश्रामगृहातली डॉर्मिटरी. काही मोठ्या स्टेशनांवर पुरुषांची आणि बायकांची वेगळी डॉर्मिटरी असते आणि काही शे रुपयांत खाट मिळते. आयआरसीटीसीवरून आरक्षण होतं, त्यासाठी पक्कं किंवा आरएसी तिकीट आणि त्याचा पीएनआर लागतो. ज्यांना ही सोय माहीत आहे ते ती आधीच धरून ठेवतात. जनरलच्या डब्यातून आलेल्याला पीएनआर नसतो, म्हणून ज्याला खाटेची सर्वांत जास्त गरज तोच या ऑनलाइन आरक्षणाबाहेर राहतो. स्टेशनच्या खिडकीवर साध्या तिकिटावरही काही खाटा राखून ठेवणं रेल्वेला अवघड नाही. या बदलाला नवी इमारत लागत नाही, एक आदेश पुरतो.

हिशेब आणि कर

खाट स्वस्त का पडते याचा हिशेब सरळ आहे. समजा, दोनशे चौरस फुटांची खोली दोघांना दिली तर रात्रीचे अडीच हजार येतात. तिथेच सहा बंक टाकून प्रत्येकी सातशे घेतले तर सगळ्या भरल्यावर बेचाळीसशे. पाहुण्याचे पैसे वाचतात आणि मालकाचं उत्पन्नही वाढतं. मात्र त्याचा खर्चही वाढतो: सहा चादरी, तिप्पट पाणी, दिवसातून दोनदा बाथरूमची सफाई, ढेकणांसाठी नियमित फवारणी. जिथे ही कामं टाळली जातात तिथे हॉस्टेल महिन्याभरात ओळखू येतं. महिनोन्महिने राहणाऱ्यांचा बाजार वेगळा. पुण्यात सदाशिव, नवी, शनिवार पेठांत स्पर्धा परीक्षेची मुलं ज्या ‘कॉट बेसिस’वर राहतात, त्या खोल्यांत चारच्या जागी सहा कॉट घालण्याचा मोह मालकांना होतो, आणि विचारणारं कुणी नसतं.

करांच्या बाबतीत एका रात्रीचा पाहुणा सगळ्यांत मागे राहिला आहे. जुलै २०२२पर्यंत दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या मुक्कामाला जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२पासून तो बारा टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५पासून तो पाच टक्क्यांवर आला, ही दिलाशाची गोष्ट. दरम्यान जून २०२४मध्ये जीएसटी परिषदेने वसतिगृहांना माफी देण्याची शिफारस केली, पण अट अशी की भाडं माणशी महिना वीस हजारांच्या आत हवं आणि मुक्काम सलग नव्वद दिवसांचा. धार्मिक न्यासाच्या आवारातल्या हजाराच्या आतल्या खोलीला वेगळी माफी आहे. म्हणजे तीन महिने राहणाऱ्या विद्यार्थ्याला कर नाही, देवाच्या दारी उतरणाऱ्याला नाही, पण परीक्षेसाठी एक रात्र खासगी डॉर्मिटरीत काढणाऱ्या मुलाच्या खाटेवर कर बसतो. पाचशेच्या खाटेवर ही रक्कम पंचवीस रुपये होते. त्यातून सरकारी तिजोरीत फारशी भर पडत नाही, मुलाचा मात्र सकाळचा नाश्ता जातो. ठरावीक रकमेपर्यंतच्या खाटेला पूर्ण माफी द्यायला हवी.

दार, खिडकी, कुलूप

सामाईक मुक्कामातला सर्वांत गंभीर धोका चोरीचा नाही, आगीचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये चिल्डर्स गावच्या एका जुन्या इमारतीतल्या बॅकपॅकर हॉस्टेलला २३ जून २००० रोजी आग लावली गेली. पंधरा तरुण मेले. आगीची सूचना देणारी यंत्रणा बंद होती, खिडक्यांना गज होते आणि एका खोलीत बाहेर जायच्या दारासमोरच बंक लावलेला होता. त्यानंतर तिथल्या सरकारने स्वस्त निवासांसाठी अग्निसुरक्षेचे नियम कडक केले. आपल्याकडे २९ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्यातल्या बडाबाजार भागात एका साध्या हॉटेलला आग लागून चौदा जण दगावले. मुंबईत अनेक हॉस्टेलं आणि लॉजं जुन्या इमारतींत, एकाच अरुंद जिन्यावर, खिडक्यांना ग्रिल ठोकून चालतात. खाट घेण्याआधी दोन गोष्टी प्रत्येकाने पाहाव्यात: दुसरा जिना कुठे आहे आणि खिडकी आतून उघडते का. ही तपासणी खरं म्हणजे अग्निशमन दलाने करायची, आणि तिचा निकाल दारावर लावायचा.

असे नियम नवे नाहीत. इंग्लंडने १८५१ साली सामाईक निवासगृहांसाठी कायदा करून नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली. आपल्याकडच्या १८६७च्या सराई कायद्याने सराई चालवणाऱ्यावर स्वच्छता राखण्याची, पहारेकरी ठेवण्याची आणि दरपत्रक लावण्याची जबाबदारी टाकली. दीडशे वर्षांपूर्वी सुचलेल्या या साध्या अटी आजच्या डॉर्मिटरीवर नेमाने लावल्या, तरी निम्म्या तक्रारी संपतील.

ओळखपत्राचा जाच मात्र कमी व्हायला हवा. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत कळवण्याची सक्ती आहे, तिचं कारण समजतं. पण अनेक ठिकाणी ‘लोकल आयडी चालणार नाही’ असं सांगून मुंबईचाच पत्ता असलेल्याला परत पाठवलं जातं. शेवटची लोकल चुकलेला, घरात मयत झाल्यामुळे आलेल्या पाहुण्यांना जागा देऊन स्वतः बाहेर पडलेला, भांडणातून सुटका करून घेऊन घराबाहेर आलेली बाई यांना आपल्याच शहरात खाट मिळत नाही. हा हॉस्टेलवाल्यांनी आपल्या सोयीसाठी केलेला नियम आहे आणि तो माणसांना फार अडचणीत टाकतो.

बाईची खाट

जुन्या व्यवस्थांनी बाईला जवळपास वगळलंच होतं. गावकीची खोली आणि कूड पुरुषांसाठी, आणि लॉजवाला एकट्या बाईला हजार प्रश्न विचारून नकार देणार. त्यामुळे हॉस्टेलांची बायकांची डॉर्मिटरी हा मोठा बदल आहे. त्यात आतून लागणारी कडी, वेगळं बाथरूम आणि रात्री बाई कर्मचारी असेल तर मुलीचे आईवडीलही निश्चिंत होतात. पण बऱ्याच ठिकाणी या खाटेचा दर मिश्र खोलीपेक्षा जास्त असतो. सुरक्षिततेची किंमत बाईनेच मोजावी हे योग्य नाही. नोकरदार महिलांसाठी सरकारी वसतिगृहांच्या योजना आहेत, पण त्या महिन्यांच्या हिशेबाने चालतात. पोलीस भरतीसाठी बीडहून एका रात्रीपुरती आलेल्या मुलीला त्यांचा उपयोग नाही. भरतीच्या काळात उमेदवारांनी फूटपाथवर आणि पुलाखाली रात्र काढल्याच्या बातम्या वारंवार येतात. हजारो उमेदवारांना एका तारखेला बोलावणाऱ्या यंत्रणेने त्यांच्या रात्रीची सोयही करायलाच हवी. तृतीयपंथी व्यक्तींचा विचार तर ‘पुरुष’ आणि ‘महिला’ अशा दोन पाट्यांत अजून झालेलाच नाही.

परळचा फूटपाथ

या सगळ्या प्रश्नाचं सर्वांत दुखरं ठिकाण परळ आहे. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. आज तिथे देशभरातून रुग्ण येतात, शेजारी केईएम आणि वाडिया आहेत. किमोथेरपी किंवा रेडिएशनसाठी रुग्णाला कित्येक आठवडे रोज यावं लागतं, पण रुग्णालयात राहावं लागत नाही. मग राहायचं कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आणि इतर सेवाभावी संस्था कर्करोगाच्या रुग्णांना नाममात्र दरात ठेवून घेतात. त्यांचं काम वंदनीय आहे. पण मागणीपुढे जागा अपुरी पडते आणि रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर ताडपत्रीखाली आजारी माणसं झोपलेली दिसतात. ज्याची रोगप्रतिकारक शक्ती औषधांनी खालावलेली आहे, त्याने धूळ आणि डासांत रात्र काढणं हा उपचाराचाच पराभव आहे. अशा रुग्णाला बारा खाटांची डॉर्मिटरीही चालणार नाही. त्याला सोबत्यासह छोटी, स्वच्छ खोली हवी. डॉर्मिटरी हवी ती वॉर्डात भरती असलेल्यांच्या सोबत आलेल्यांसाठी. त्यांची सोय झाली तर धर्मशाळेच्या खोल्या रुग्णांसाठी मोकळ्या होतील.

शहरी बेघरांसाठीच्या राष्ट्रीय योजनेने निकष घालून दिला आहे: लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांचा एक कायमचा निवारा, आणि माणशी पन्नास चौरस फूट. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या एक कोटी चोवीस लाख होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने शंभर माणसांचे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातले निवारे त्या मानाने फारच थोडे आहेत. शिवाय निवारा बेघरांसाठी आणि हॉस्टेल प्रवाशासाठी अशी विभागणी झाल्याने, दोन्ही नसलेला पण अडलेला माणूस कुणाच्याच यादीत येत नाही.

काय जमू शकतं

हे जमण्यासारखं आहे याचे पुरावे आपल्याजवळ आहेत. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची भक्त निवासं वर्षानुवर्षं माफक दरात स्वच्छ खाट देतात, सेवेकऱ्यांच्या शिस्तीवर. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी मुंबई महापालिका शिवाजी पार्कवर मंडप, पाणी आणि शौचालयं उभारते. लंडनमध्ये १८९२ साली लॉर्ड राउटन यांनी व्हॉक्सहॉलला कामगारांसाठी निवासगृह काढलं. रात्रीचे सहा पेन्स, प्रत्येकाला आडोसा असलेली स्वतंत्र खाट, वाचायला खोली. ते दान नव्हतं, धंदा होता, आणि यशस्वी झाला म्हणून तशी आणखी पाच घरं बांधली गेली.

मुंबईने सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादर, परळ आणि कुर्ला टर्मिनसजवळ सार्वजनिक डॉर्मिटरी उभाराव्यात. महापालिकेने जागा द्यावी. चालवण्याचं काम हॉस्टेल चालवायचा अनुभव असलेल्यांना किंवा धर्मादाय न्यासांना द्यावं. अटी मोजक्या ठेवाव्यात: दर दोनशेच्या आत आणि भिंतीवर लिहिलेला, प्रत्येक खाटेला लॉकर आणि रोज बदललेली चादर, बायकांची खोली त्याच दरात, दोन जिने आणि दारावर तपासणीची तारीख, कुठल्याही पत्त्याचं ओळखपत्र चालेल आणि जात, धर्म, गाव विचारलं जाणार नाही. निम्म्या खाटा मोबाइलवरून आणि निम्म्या खिडकीवर, म्हणजे साधा फोन असलेलाही रात्री अकराला येऊन जागा मागू शकेल. तोटा आलाच तर तो महापालिकेने सोसावा. दवाखाने आणि शाळा आपण तोटा मोजून चालवत नाही.

स्वच्छ, सुरक्षित सामाईक खोली कशी चालवायची हे नव्या हॉस्टेलांनी शिकवलं. दार कुणासाठी उघडं ठेवायचं हे गाडगेबाबांनी त्याच्याही आधी सांगून ठेवलं. या दोन गोष्टी एकत्र आणायला पैशांपेक्षा निर्णयाची गरज जास्त आहे, आणि निर्णय घेणारी मंडळी ज्या मंत्रालयात बसतात, तिथे त्यांना भेटायला आलेली माणसंच रात्री खाट शोधत असतात. कामाची सुरुवात परळपासून व्हावी, कारण तिथे थांबायला वेळ नाही.